बाटल्यांचा वॉर्ड

मेट्रनबाईंनी खोली दाखवण्याआधी माझं नाक तपासलं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते आणि नाशकात राहायला जागा शोधत होते. कुणीतरी सांगितलं, इंदिरानगरात एक रिटायर्ड मेट्रन आहेत, एकट्याच राहतात, गच्चीवरची खोली फक्त मुलीला देतात. इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं. घरं थोडी, रिकामे प्लॉट फार, आणि प्लॉटांवर बाभळी. बंगला लांबूनच ओळखू आला, कारण त्याच्या कुंपणाला चुना लावलेला होता. भिंतीला नव्हे, कुंपणाच्या तारांच्या लाकडी खांबांना.

दारात उंच, सडसडीत, पांढऱ्या सुती साडीतल्या बाई उभ्या. मी नाव सांगायला तोंड उघडलं.

"नाव नंतर. डोळे मीट."

मी मिटले. नाकाखाली कापसाचा बोळा आला.

"काय आहे?"

"लवंगेचं तेल."

दुसरा बोळा. "घासलेट." तिसरा. "आंबट ताक." चौथ्याला मी बराच वेळ हुंगत राहिले.

"याला काहीच वास नाही," मी भीत भीत म्हटलं.

"कोरा आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्याआधी दोघी येऊन गेल्या. एक म्हणाली गुलाब, दुसरी म्हणाली मोगरा. खोटारड्या मुली मला घरात नकोत. वर जा, खोली बघ. चपला इथे, पाय तिथे."

'तिथे' म्हणजे एका घमेल्यात. त्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी होतं. पुढची दोन वर्षं मी रोज संध्याकाळी त्या घमेल्यात पाय बुडवून घरात शिरले. माझ्या टाचा त्या काळात जितक्या गोऱ्या होत्या तितक्या नंतर कधी झाल्या नाहीत.

त्या मराठी ख्रिस्ती होत्या. बत्तीस वर्षं सरकारी इस्पितळांत काढलेली, त्यातली बरीचशी बाळंतपणाच्या वॉर्डात. लग्न केलं नाही. "वेळ झाला नाही," असं त्या, डाळ निवडायला वेळ झाला नाही अशा सुरात सांगत. भेटलेल्या माणसाला त्या नमस्कार करत नसत. त्याचं मनगट धरून घड्याळाकडे बघत. भाजीवाली पाटी उतरवायला वाकली की तिची नाडी आधी मोजली जाई, मग कोथिंबिरीचा भाव. भाजीवालीही हात पुढे करूनच दाराशी येई. माझ्या अंथरुणाच्या चादरीचे कोपरे त्यांनी पहिल्याच दिवशी इस्पितळासारखे घट्ट खोचून दाखवले आणि पुढे दर रविवारी चर्चहून आल्यावर ते तपासले. त्यांची दोन वाक्यं मी अजून झोपेतही म्हणू शकेन. एक, "घाण दिसत नाही म्हणून ती नसते असं नाही." आणि दुसरं, "देव माफ करतो, जंतू करत नाही."

माझं नाक त्यांनी का तपासलं, हे मला आठ दिवसांनी कळलं. मला वाटत होतं, गॅस सिलिंडर गळण्याची भीती असेल. एका संध्याकाळी पाच वाजता त्यांनी मला हाक मारली.

"भेटीची वेळ झाली. ये."

मागच्या अंगाला एक खोली होती. खिडकीला हिरवा पडदा. आत लोखंडी खाट आणि खाटेवर, पांढऱ्या चादरीवर, ओळीने बारा बाटल्या. काचेच्या, सलाइनच्या. तेव्हा सलाइन काचेच्या बाटलीतून देत. भंगारवाल्याकडून त्यांनी त्या आणल्या होत्या. प्रत्येकीवर मिलिलिटरच्या खुणा, तोंडाला रबरी बूच, बुचावर बँडेजपट्टीची गाठ. आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने अडकवलेला एक केसपेपर. मी त्यातला एक वाचला. 'क्र. ४. भरती: सोमवार. सकाळचे तापमान, संध्याकाळचे तापमान. वायू: आहे. गाळ: तळाशी, पातळ. प्रकृती: समाधानकारक.'

"यांना काय झालंय?" मी विचारलं.

"हळू बोल. बीअर आहे."

मी दोन पावलं मागे सरले. आमचं घर मालेगावच्या पुढच्या एका खेड्यातलं. वडील प्राथमिक शिक्षक. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पंचशील म्हटलं जातं आणि नुसतं म्हटलं जात नाही, पाळलंही जातं. मी म्हटलं, "मेट्रनबाई, आमच्यात दारूच्या थेंबाला हात लावत नाहीत. मी शील घेतलेली मुलगी आहे."

"तुला पाजतंय कोण?" बाई म्हणाल्या. "तू फक्त वास घ्यायचा. माझं नाक सर्व्हिसमध्ये गेलं. बत्तीस वर्षं कार्बोलिक आणि फिनेल. मला आता गुलाब आणि मुतारी सारखीच. मला नाक पाहिजे. नाकाला कसलं आलंय शील?"

दोन दिवस मी विचार केला. मग ठरवलं की पिणं वेगळं आणि हुंगणं वेगळं, आणि मी रोज प्रयोगशाळेत गटाराचं पाणी हुंगते तेव्हा ते काही माझ्या पोटात जात नाही. वडिलांना पत्रात लिहिलं, 'घरमालकीण शिस्तीच्या आहेत व प्रयोगशील आहेत.'

ही बीअर चालली होती ती एका माणसासाठी. देवळाली कॅम्पला एक म्हातारे डॉक्टर राहत. मेट्रनबाईंनी आपल्या नोकरीची पहिली सतरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती. डॉक्टर तरुणपणी स्कॉटलंडला शिकायला होते; तिथल्या घरमालकिणीने त्यांना घरी बीअर करायला शिकवलं. परत आल्यावर ते वर्षातून एकदा करत आणि इस्पितळात ज्यांनी फार मोठं काम केलं असेल अशांना एकेक पेला देत. आता त्यांचे हात थरथरत होते. बायको गेली होती, मुलगा परदेशात. एकदा मेट्रनबाई भेटायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, "मरायच्या आधी एकदा ती चव पाहिजे." बाई म्हणाल्या, "मी करते." डॉक्टर म्हणाले, "तुला नाही जमायची."

झालं. एवढं एक वाक्य पुरलं. या डॉक्टरांनी सतरा वर्षांत बाईंना कधी 'छान' म्हटलं नव्हतं. टाके घालताना त्यांनी हात पुढे केला की मागायच्या आधी कात्री हातात असायची, तरी म्हणायचे, "अर्धा सेकंद उशीर."

बीअरची कृती डॉक्टरांनी सांगितली तशी होती. रविवार कारंजाच्या बाजारातून जव आणायचे, भिजवून फडक्यात मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, कढईत जरा भाजायचे आणि भरडायचे. आपण लहान बाळाला नाचणीचं सत्त्व करतो त्याच वाटेने. मग तो भरडा ऊन पाण्यात मुरवायचा, गाळायचा, आणि गाळलेलं पाणी हॉप नावाच्या वाळलेल्या कडू फुलांबरोबर तासभर उकळायचं. ही फुलं डॉक्टरांच्या ओळखीचं कुणी मुंबईहून डब्यातून पाठवी. मग थंड करून बेकरीतलं यीस्ट घालायचं, आठवडाभर चिनीमातीच्या बरणीत ठेवायचं, आणि चमचाभर साखर घालून बाटलीत भरायचं. पंधरा दिवसांनी डिस्चार्ज.

दर महिन्याला डिस्चार्ज झालेली एक बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, मेट्रनबाई देवळालीच्या बसमध्ये बसत. मी गेले त्या पहिल्या खेपेला डॉक्टर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण दाढी गुळगुळीत आणि कोट घातलेला. पेला हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि शेजारच्या तुळशीच्या कुंडीत थुंकला.

"वॉर्ड नंबर तीन," ते म्हणाले.

"म्हणजे काय?" बाई.

"म्हणजे वॉर्ड नंबर तीन. सकाळी आठ वाजता, फरशी पुसल्यावर."

बाईंनी पिशवी उचलली.  नाशिकला बसमधून उतरल्यावर म्हणाल्या, "कुठेतरी घाण राहतेय."

आणि इथून तो शोध सुरू झाला. त्यांच्या मते बीअर बिघडली म्हणजे जंतू शिरला, आणि जंतू शिरला म्हणजे कुणीतरी हलगर्जीपणा केला. गुन्हेगार शोधायचा होता. पहिला संशय बेकरीवाल्यावर. त्या बेकरीत गेल्या, भटारखान्यात घुसल्या, कणीक मळणाऱ्या माणसाची नखं बघितली, नाडी मोजली आणि त्याला दोन दिवस रजा घ्यायला लावली, कारण त्याला खरोखरच बारीक ताप होता. मालकाने वैतागून यीस्ट फुकट दिलं. पण बीअर तशीच आली.

मग संशय रबरी नळीवर गेला. बरणीतून बाटलीत भरायला त्या जी नळी वापरत ती मूळची कशासाठी होती हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले. नवीन नळी आणली. बीअर तशीच. मग कढईवर, मग बुचांवर, मग वैशाखातल्या उन्हावर. उन्हाळ्यात त्यांनी खाटेभोवती ओली चादर टांगली आणि तासातासाला क्लिनिकल थर्मामीटर बाटल्यांच्या बगलेत, म्हणजे दोन बाटल्यांच्या मध्ये, धरू लागल्या. चार नंबरच्या बाटलीचं बूच एका दुपारी उडालं. केसपेपरवर लिहिलं, 'दगावली. दु. ३.१०.' आणि त्या खरंच खाली मान घालून क्षणभर उभ्या राहिल्या.

प्रत्येक अपयशानंतर त्या एकच गोष्ट वाढवत: स्वच्छता. बरणी, बाटल्या, नळी, बुचं, सगळं आधी साबणाने, मग उकळत्या पाण्याने आणि शेवटी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतलं जाई. ते शेवटचं पाणी त्या पुसूनही काढत नसत. "फडक्याला जंतू असतात," म्हणत. आधी बादलीला एक चमचा होता, पुढे दोन झाले, दिवाळीच्या सुमाराला मूठ झाली.

डॉक्टरांचे निकाल मात्र वर चढत होते. "आता वॉर्ड नाही राहिला," एकदा ते म्हणाले. "ऑपरेशन थिएटर." आणि पुढच्या महिन्यात, "मेट्रन, हे पिऊन मला टाके काढल्यासारखं वाटलं."

मी वास घेत होतेच. दर वेळी मीही तेच सांगायचे: औषधासारखा, आयोडीनच्या पट्टीसारखा. कुठून येतो ते मात्र कळत नव्हतं. त्या घरातच सगळीकडे तसा वास होता आणि मला वाटे, माझंच नाक आता बाईंच्या वाटेला लागलं.

एक भीती मला सतत असे. हे सगळं कायद्यात बसत नव्हतं, आणि समोरच्याच घरात एक हवालदार राहत होता. मी एकदा बाईंना तसं म्हटलं. त्या हसल्या. "त्याला मी पायाला उलटा धरून रडवलंय. पाठीवर दोन चापट्या मारल्या तेव्हा श्वास घेतला त्याने. या भागातली निम्मी पोलीस लाइन मी अशीच रडवलीय. येऊ दे." हवालदार रस्त्यात दिसला की बाईंपुढे आपणहून मनगट धरी.

मध्येच माझी आई आली, गावाहून, आठ दिवसांसाठी. तिला मी मागच्या खोलीबद्दल काही सांगितलं नव्हतं. दुपारी मी कामावर असताना ती चुकून तिथे शिरली. संध्याकाळी आले तेव्हा ती दारातच उभी, पदर तोंडाला लावून.

"हाई काय शे व? इतल्या सलाइन! कोन मांदं शे?" कोण आजारी आहे म्हणून ती घाबरली होती. "घरभर दवाखानाना वास यी ऱ्हायना."

मेट्रनबाई मागून आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"ऐकलंस? तुझी आई खेड्यातली बाई, पण तिला कळलं. दवाखान्याचा वास! याला म्हणतात स्वच्छता."

मी आईला सांगितलं, मेट्रनबाई औषधं करतात. हे पुरतं खोटंही नव्हतं. आई जाताना त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, पोरीच्या पोटाला काहीतरी द्या, लई बारीक झाली. बाईंनी तिला नाचणीचं सत्त्व बांधून दिलं.

त्यानंतर महिन्याभराने आमच्या प्रयोगशाळेत पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतून पाण्याचा नमुना आला. सोबत चिठ्ठी होती: नवी टाकी बांधल्यापासून मुलं पाणी पीत नाहीत, औषध लागतं म्हणतात. आमच्या साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि नमुना न उघडताच म्हणाले, "टाकीला आतून डांबर फासलं असणार."

"डांबराने औषधाची चव येते?" मी विचारलं.

"नुसत्या डांबराने नाही, आणि नुसत्या क्लोरीननेही नाही. डांबरात फिनॉलच्या जातीचे पदार्थ असतात. क्लोरीन बिचारा एकटा असला की साधा. पण त्याला ही मंडळी भेटली की दोघं मिळून दवाखाना काढतात. एवढासा पुरतो, चव लागायला."

"ही मंडळी फक्त डांबरातच असतात?"

"छे! झाडपाल्यात असतात, सालीत असतात, धान्याच्या टरफलात असतात. हुंगून बघ."

मी नमुन्याच्या बाटलीचं बूच काढलं, ती नाकाशी नेली, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "बीअर!"

साहेबांनी चष्मा काढला. शेजारच्या टेबलावरचे दोघं माझ्याकडे बघू लागले. मी शील घेतलेली, डब्यात मेथीची भाजी आणणारी मुलगी.

"म्हणजे, बेअर," मी म्हटलं. "सहन करायला कठीण आहे, असं म्हणायचं होतं."

संध्याकाळी मी क्लोरीन तपासायच्या औषधाची छोटी बाटली साहेबांना विचारून घरी आणली. पाण्यात क्लोरीन उरला असेल तर त्याचे चार थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं. नळाचं पाणी अगदी फिकट, लिंबाच्या सालीसारखं. मी मेट्रनबाईंना म्हटलं, भरायला तयार ठेवलेल्या बाटल्यांतली एक द्या. त्यांनी दिली. मी तिच्यात अर्धा पेला स्वच्छ पाणी घातलं, हलवलं, परीक्षानळीत ओतलं आणि थेंब टाकले.

नळीतलं पाणी जिलबीच्या रंगाचं झालं.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"ब्लीचिंग पावडर. तुम्ही जिने बाटल्या धुता ती. बाटलीत उरते, बरणीतही उरते. जवाच्या टरफलात काही पदार्थ असतात, त्यांना ती भेटली की हा वास होतो. जंतूचा काही संबंध नाही, मेट्रनबाई. जंतू नाहीतच."

"मग?"

मला ते वाक्य म्हणायचं नव्हतं. "आपण जितकं जास्त धुतलं," मी म्हटलं, "तितकी ती जास्त बिघडली."

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि खाटेच्या कडेवर, बाटल्यांच्या पायथ्याशी बसल्या. इतक्या दिवसांत त्या खाटेवर बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं.

"मी शिकाऊ होते," त्या म्हणाल्या. "तुझ्याहून लहान. नवजात बाळांच्या वॉर्डात साथ शिरली. एका आठवड्यात तीन पाळणे रिकामे झाले. जुनी सिस्टर म्हणायची, देवाची मर्जी. डॉक्टर नवीन आले होते. त्यांनी मला ब्लीचिंग पावडरचा डबा दिला आणि म्हणाले, तू रात्रंदिवस हेच करायचं. दार, खाट, भांडं, हात. मी केलं. माझ्या हातांची सालं निघाली. चौथा पाळणा रिकामा झाला नाही. वॉर्ड मोकळा झाला त्या दिवशी डॉक्टरांनी मला पेला दिला. तीच बीअर. गार होती, कडू होती आणि तिला ताज्या पावाचा वास होता. तेव्हा मला वास यायचे."

त्यांनी परीक्षानळी खाली ठेवली.

"आणि तू म्हणतेस, ही पावडर सोड."

"फक्त बाटल्यांपुरती. उकळत्या पाण्याने काम होतं."

दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सिद्ध करून दाखव. सहा माझ्या पद्धतीने, सहा तुझ्या. बरण्याही दोन."

रविवारी दोन्ही तयाऱ्या केल्या. त्यांची बरणी त्यांनी धुतली. माझ्या बरणीत मी उकळतं पाणी फिरवलं, ओतून दिलं आणि पालथी घातली. त्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा हात दोनदा पावडरीच्या डब्याकडे गेला आणि दोनदा मागे आला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मला हे बघवत नाही," असं म्हणून त्या घराबाहेर गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. भर दुपारी, फाटकाबाहेर, दगडावर, घराकडे पाठ करून त्या बसल्या होत्या. भाजीवाली आली, तिने हात पुढे केला, तर यांनी नाडी मोजलीच नाही. भाजीवाली घाबरून मला विचारायला आली, "मॅट्रनबाईंना काय झालं? बरं नाय का?" आठवड्यानंतर बाटल्या भरायच्या दिवशीही त्या तशाच बाहेर जाऊन बसल्या, आणि सगळं आटोपल्यावर हाक मारली तरच आत आल्या.

पंधरा दिवसांनी त्यांनी माझे डोळे बांधले. बारा पेले, उलटसुलट लावलेले. मी हुंगत गेले आणि सांगत गेले: दवाखाना, पाव, पाव, दवाखाना. बाराच्या बारा बरोबर आले. डोळ्यांवरची पट्टी सोडली तेव्हा बाई एक पेला नाकाशी धरून उभ्या होत्या, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा श्वास ओढत.

"येतोय?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण तू म्हणतेस तर असणार."

देवळालीला आम्ही दोघी गेलो. डॉक्टरांचा नोकर दार उघडता उघडता म्हणाला, "बरं झालं आलात. साहेब कालपासून विचारताहेत, मेट्रनची तारीख झाली का. सकाळी सहालाच दाढी करून बसलेत." डॉक्टर थकले होते. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं. बाईंनी पेला भरून हातात दिला आणि मागे सरून, हात पाठीशी घेऊन, राउंडच्या वेळी उभं राहावं तशा उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. मी तुळशीच्या कुंडीकडे बघत होते. त्यांनी गिळला. मग दुसरा घेतला. मग तिसरा.

"काही सांगाल की नाही?" बाईंचा आवाज चिरकला.

"काय सांगायचं? बीअर आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांत मिळालं नव्हतं ते आत्ता मिळालं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"ब्लीचिंग पावडर सोडलीस वाटतं," डॉक्टर म्हणाले.

बाई पुढे झाल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या घोटाला."

"मग सांगितलं का नाही? दीड वर्ष! मी बेकरीवाल्याची नखं तपासली!"

"सांगितलं असतं तर सोडली असतीस?"

बाई हातातल्या पिशवीची घडी घालू लागल्या.

"आणि पहिल्याच महिन्यात जमली असती," डॉक्टर पेल्याच्या तळाशी बोट फिरवत म्हणाले, "तर तू दुसऱ्या महिन्यात कशाला आली असतीस? इथे येतं कोण?"

मेट्रनबाईंनी बाटली उचलली, डॉक्टरांचा पेला पुन्हा भरला, नोकराकडे हात करून दुसरा पेला मागितला आणि खुर्ची ओढून डॉक्टरांच्या समोर बसल्या. आपला पेला भरून त्यांनी तो एका दमात अर्धा केला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाल्या, "कडू आहे की हो."

"पहिल्यांदाही हेच म्हणाली होतीस," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी तो पूर्ण केला. मग दुसराही. दोघं जुन्या इस्पितळातल्या लोकांबद्दल बोलत बसली; कोण कुठे गेलं, कुणाच्या मुलाचं काय झालं, कोणत्या सिस्टरने डॉक्टरांच्या टोपीत एकदा उंदीर ठेवला होता. तो आपणच ठेवला होता, असं मेट्रनबाईंनी तिथे कबूल केलं. डॉक्टर इतके हसले की नोकर पाणी घेऊन धावत आला.

परत येताना बसच्या पायरीवर बाईंचा पाय अडखळला. मी दंडाला धरलं. सीटवर बसल्यावर त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, टोपीतल्या उंदराची गोष्ट मला पुन्हा सांगायला घेतली, आणि मध्येच जोरात घोरू लागल्या. तिकीट द्यायला कंडक्टर आला. त्याने पांढऱ्या साडीकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"काय झालं आजींना?"

"ऊन लागलंय," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, पुढची खिडकी अर्धी लावून घेतली आणि स्वतःचा मफलर काढून बाईंच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला. डिसेंबर महिना होता.